मातीत लोह, तरी पान पिवळे!

उसाची किंवा भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्याच राहिल्या, की आपल्याकडचे शेतकरी म्हणतात, 'केवडा पडला'. अमेरिकेतील शहरांत रस्त्याकडेच्या एका झाडावरही असाच केवडा पडतो. ते झाड म्हणजे पिन ओक.

याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस पॅलुस्ट्रिस. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत, नदीकाठच्या सखल जमिनीत हा वृक्ष वाढतो. पाणी साचलेल्या मातीत मुळांना प्राणवायू कमी मिळतो. पदपथालगतची दाबून घट्ट झालेली मातीही हवेला पारखीच असते. म्हणून दलदलीतले हे झाड तिथेही तग धरते. शिवाय त्याची मुळे उथळ व तंतुमय असल्याने रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावले, तरी सहज जगते. न्यूयॉर्क शहराच्या २०१५ सालच्या वृक्षगणनेत रस्त्याकडेच्या पहिल्या पाच जातींत पिन ओक होता.

मग बिघडते कुठे? हा ओक मूळचा आम्लधर्मी मातीतला. शहरात काँक्रीट व बांधकामाच्या राडारोड्यातला चुना मातीत उतरतो आणि तिचा सामू वाढतो. सामू एकाने वाढला, की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणजे लोह मातीत असते, पण मुळांना शोषता येत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, तिथे मॅग्नेशियम असते. मात्र हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह लागतेच. जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे फारसे जात नाही, म्हणून पिवळेपणा आधी शेंड्याकडच्या पानांवर दिसतो. वर्षानुवर्षे असे चालले, की फांद्या वाळतात आणि झाड मरूही शकते.

बुंध्याशी लोखंडी खिळे पुरून उपयोग होत नाही. उणीव लोहाची नसून विरघळलेल्या लोहाची आहे. चिलेटयुक्त लोह दिल्यास पाने हिरवी होतात, पण काही काळच. गंधक घालून सामू उतरवता येतो, मात्र चुनखडीच्या मातीत ते फार अवघड. खरा उपाय लागवडीपूर्वीच करायचा: आधी माती तपासायची, मग झाड निवडायचे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. केवडा पडलेल्या आणि निरोगी पिकाच्या शेतांतली माती आणा. दोन्ही नमुन्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावेत. बुडबुडे कोणत्या मातीतून अधिक येतात, ते विद्यार्थ्यांना पाहू द्या आणि कारणही त्यांनाच शोधू द्या.