लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि उपाशी पोट

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्याच्या बाकावर ठरावीक पेशंट असतात. कुणी गुडघा धरून आलेले, कुणी ‘काल एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणणारे. ‘लेण्याद्री का?’ असे विचारले की हसून मान डोलावतात. त्यांना रागावण्याचा अधिकार मला किती आहे, हे आज सांगून टाकतो.

गोष्ट 2009 च्या डिसेंबरातली. माझे वडील तेव्हा एकाहत्तर वर्षांचे, मधुमेहाचे जुने रुग्ण. चाळीस वर्षे संकष्टी मोडलेली नाही. अष्टविनायकांत डोंगरावर असलेला गणपती एकच, आपला गिरिजात्मज, आणि तोही बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात. पायऱ्या सुमारे तीनशे. आदल्या रात्री मी त्यांना डॉक्टरकी ऐकवली : काठी घ्या, सावकाश चढा, गुडघ्याला पट्टा बांधा. सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी नेमाने घेतली आणि उपवास म्हणून बिनसाखरेचा चहा पिऊन ते माझ्याबरोबर निघाले. गोळीचे मी विचारलेच नाही.

दोनशे पायऱ्या झाल्या असतील. वडील मटकन खाली बसले. डिसेंबरची थंडी, तरी सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. मला त्यांनी काकांच्या नावाने हाक मारली. माझ्या डोक्यात हार्ट अटॅकखेरीज दुसरे काही येईना. मी नाडी धरून बसलो होतो, तेवढ्यात कडेला काकडी आणि सरबत विकणाऱ्या बाई उठून आल्या. ‘डॉक्टर, बाबांच्या पोटात काय न्हाई. मी रोज बघते, उपाशी आलेली माणसं अशीच घामाघूम व्हत्यात,’ असे म्हणत त्यांनी पेलाभर सरबतात मूठभर साखर ढवळली. दहा-पंधरा मिनिटांत वडील नीट बोलू लागले. पहिले वाक्य होते, ‘माझा उपास मोडलास तू.’

आता यामागचे कारण. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. त्यात चढताना पायांचे स्नायू साखर भराभर वापरतात. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, मग असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी. इन्सुलिन टोचणाऱ्यांनाही हाच धोका असतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना सहसा नसतो. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची आणि उपवासाच्या दिवशी ती किती व केव्हा घ्यायची, हे दोन-चार दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाबाची गोळीही ‘आज देवाचा दिवस’ म्हणून चुकवू नये.

साखर उतरल्याचा संशय आला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटले की केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू खायला द्यावा. दोन्ही उपवासाला चालतात. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवून 108 ला फोन करावा.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, न थांबणारी धाप असेल तर वरही जायचे नाही आणि चालत खालीही उतरायचे नाही. बसावे, डोली बोलवावी. मधुमेह्याला कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि धाप असते. म्हणून साखर दिल्यावरही बरे वाटेना, तर हृदयाचाच विचार करावा. चढण्याचा वेग कसा ठेवावा? शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की थांबावे. गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरण्याचा भार जास्त, तेव्हा काठी उतरतानाच खरी उपयोगी. आंबेगावकडून भीमाशंकरला जाणाऱ्यांचे सगळे उलटे असते : आधी पायऱ्या उतरून दर्शन आणि थकल्या पायांनी चढ शेवटी. तिथे उपाशी पोटाची परीक्षा परतताना होते.

वडिलांनी त्या दिवशीही चंद्रोदयापर्यंत अन्नाला हात लावला नाही. मी चार वेळा बोटाला सुई टोचून साखर तपासली. पुढच्या संकष्टीपासून मात्र आमचा समझोता झाला. गोळीची वेळ मी बदलून दिली, त्यांनी सकाळी दूध-केळे घ्यायचे कबूल केले. आणि बंडीच्या आतल्या खिशात साखरेची पुडी. पिशवीत ठेवून चालत नाही. लेण्याद्रीची माकडे आधी पिशवीच ओढतात.