मानेचे सात मणके

रावेर-यावलच्या केळीबागांत कापणी सुरू झाली की मजूर 20-25 किलोचा घड डोक्या-खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत झपाझप चालतात. धुळ्याकडच्या खेड्यांत बाया उन्हाळ्यात चुंबळीवर हंडा तोलून नेतात. हा भार पेलतात मानेतले सात मणके. जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच!

वरचे दोन सर्वांत वेगळे. पहिला अ‍ॅटलास म्हणजे नुसतं कडं. त्यावर कवटी टेकते, होकाराची मान इथूनच हलते. दुसऱ्याला, अ‍ॅक्सिसला, वर सुळका असतो. जात्याची वरची तळी मधल्या मेखेभोवती फिरावी तसं अ‍ॅटलास त्याभोवती फिरतं. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते. इथे चकती नसते. खालच्या प्रत्येक जोडीत मात्र असते.

मान खाली घालून बोट फिरवा: मानेच्या मुळाशी लागणारा उंचवटा बहुधा सातवा मणका.

ओझी वाहणाऱ्यांत या चकत्या लवकर झिजतात, विशेषतः पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या. तिथली नस दबली की दुखणं मानेत न थांबता हातात उतरतं. बोटांना मुंग्या येऊन पकड सैल होत असेल, तर मालिश करणाऱ्याकडे मान मोडून घेऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा.