एकही भोक न पाडता! – साइड व्हीलच्या गाडीला बॅग कशी लावावी?

चंद्रपूरच्या गांधी चौकात किंवा गडचिरोलीच्या आठवडी बाजारात थोडा वेळ उभे राहा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक लावलेली स्कूटर बहुधा दिसेलच. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण लोक तिला ‘तीनचाकी’ किंवा ‘साइड व्हीलवाली’ असंच म्हणतात. परदेशात मोटरसायकल ट्राइक ही बऱ्याचदा हौसेची गोष्ट असते. आपल्याकडे मात्र ती गरजेची आहे.

ही गाडी चालवणारे बरेच जण लहानपणी पोलिओ झालेले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना हा आजार झाला ते आज कमावते स्त्री-पुरुष आहेत. कुणी झेरॉक्सचं दुकान चालवतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी तहसीलमध्ये अर्ज लिहून देतं. शिवाय अपघातात पाय गेलेले लोक आहेत. आपल्या जिल्ह्याला हा विषय नवीन नाही. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली ती इथेच, वरोऱ्याला. आनंदवनातल्या संधिनिकेतनमध्ये दिव्यांगांना व्यवसाय शिकवतात. धंदा शिकलेला माणूस धंद्याला निघाला की त्याचं सामानही त्याच्याबरोबर निघतं, आणि आपला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

प्रॉब्लेम नेमका काय?

तुम्ही-आम्ही पिशवी हँडलखालच्या हुकाला अडकवतो, नाहीतर दोन पायांमध्ये फूटबोर्डवर ठेवतो. पण ज्याच्या पायाला कॅलिपर आहे त्याचा पाय गुडघ्यात सहज वाकत नाही, त्यामुळे फूटबोर्ड त्या पायानेच भरून जातो. सीटखाली डिक्की असते हे खरं, पण ती उघडायला गाडीवरून उतरावं लागतं आणि सीट उचलावी लागते. म्हणजे एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात सीट... मग सामान कोण काढणार? पाठीवर सॅक घेतली तर बसताना-उतरताना तोल जातो. थोडक्यात, आपल्यासाठी बॅग ही सोय आहे, त्यांच्यासाठी ती तिसरा हात आहे.

मग माणूस गॅरेजमध्ये जातो. तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, “काही नाही भाऊ, दोन भोकं मारून क्लॅम्प ठोकून देतो, पाच मिनिटांचं काम!” मिस्त्रीदादांची भावना चांगली असते. पण ही पाच मिनिटं महागात पडू शकतात.

भोक का नको?

पहिलं कारण आपल्या सिलॅबसमध्येच आहे. १८९८ मध्ये किर्श नावाच्या जर्मन इंजिनीअरने दाखवलं, की ताणाखाली असलेल्या रुंद पत्र्याला लहान गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेला स्ट्रेस सरासरीच्या तिप्पट होतो. यालाच आपण स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणतो. चेसिसचा पाइप म्हणजे अगदी सपाट पत्रा नव्हे, पण धडा तोच. त्यात पाइप वाकतो तेव्हा सर्वात जास्त स्ट्रेस त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला असतो, आणि ड्रिल मारायला सोयीची जागा नेमकी वरची! साइड व्हीलचा आडवा आर्म तर प्रत्येक खड्ड्यात धक्का खातो. असे हजारो धक्के बसले की भोकाच्या कडेतून बारीक तडा सुरू होतो. हाच फटीग.

दुसरं कारण पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भोक पडलं की तिथला पेंट गेला आणि पोकळ पाइपच्या आत पाणी शिरायला वाट मिळाली. आतला गंज बाहेरून दिसत नाही.

तिसरं कारण कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी ‘अडॅप्टेड’ करून घ्यायची सोय त्याच कायद्यात आहे, पण त्यासाठी आरटीओची मंजुरी लागते. म्हणजे ही गाडी आधीच एकदा कागदपत्रांतून गेलेली असते. नुसती बॅग अडकवणं आणि चेसिस कापणं-भोसकणं यात फरक आहे. तो फरक कायम ठेवलेला बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं... आलापल्लीहून भामरागडकडे जाताना जंगलात आपली बाइक बंद पडली तर आपण ढकलत नेऊ, नाहीतर चालत पुढचं गाव गाठू. साइड व्हीलच्या गाडीवरच्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून त्याच्या गाडीत कमकुवत जागा तयार करायचा हक्क आपल्याला नाही.

आधी दूधवाल्याकडे बघा

भोक न पाडता ओझं नेण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. बंजारा लोक बैलाच्या पाठीवर धान्याच्या गोणी टाकून तांडे नेत, दोन्ही बाजूंना सारखं वजन. बैलाला काय भोक पाडणार! आजचा दूधवाला तेच करतो. सीटवरून आडवी लोखंडी फ्रेम टाकतो आणि दोन्ही बाजूंना कॅन अडकवतो. यातली आयडिया सोपी आहे. वजनाला खाली जायचंच आहे, तर त्या वजनालाच पकड घट्ट करू द्या.

मग करायचं काय?

१. जोड बॅग. दोन बॅगा एका रुंद पट्ट्याने जोडा आणि तो पट्टा मागच्या सीटवरून टाका. पट्टा किमान चार बोटं रुंद हवा, अरुंद पट्टा सीट कापतो. दोन्हीकडे वजन जवळपास सारखं ठेवा. आता बॅग खाली पडणार नाही, पण पुढे-मागे हलेल. त्यासाठी प्रत्येक बॅगेला खालून एक बेल्ट देऊन तो ग्रॅब रेलला किंवा बॉडीच्या पक्क्या भागाला बांधा.

२. बेल्टचे वेढे. इथे थिअरी ऑफ मशीन्समधलं बेल्ट फ्रिक्शनचं सूत्र कामाला येतं. नायलॉनचा बेल्ट आणि पेंट केलेला पाइप यांच्यातला घर्षणांक ०.३ धरा. एक पूर्ण वेढा दिला तर एका टोकाला एक किलोची ओढ दुसऱ्या टोकाला साधारण साडेसहा किलो धरते. दोन वेढे दिले तर ४३ किलो! पण पाइप ओला आणि चिखलाचा असेल आणि घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.१५ झाला, तर दोन वेढ्यांचे पुन्हा साडेसहा किलोच उरतात. तीन दिले तर १७. म्हणून पावसाळ्यात तीन वेढे द्या.

३. रबर आणि क्लॅम्प. जुनी सायकल ट्यूब कापून पाइपवर घट्ट गुंडाळा आणि त्यावर क्लॅम्प आवळा. पाण्याच्या पाइपला लावतात तो स्क्रूवाला स्टीलचा पट्टी क्लॅम्प चालतो. रबरामुळे पेंट वाचतो, पकड वाढते आणि खडखड कमी होते. मात्र बॅग फक्त ट्यूबच्या ताणावर लटकवू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हाने रबराला भेगा पडतात.

४. आधीचेच बोल्ट. ग्रॅब रेल, नंबर प्लेट आणि साइड व्हीलचं किट बसवायला कंपनीने भोकं दिलेलीच असतात. ग्रॅब रेलच्या बोल्टखाली पातळ स्टीलची पट्टी बसवता येते. बोल्ट तेवढाच लांब घ्या आणि नट नायलॉन लॉकवाला वापरा. पण चाकाचा आणि शॉक अब्झॉर्बरचा बोल्ट मात्र कधीच उधार घेऊ नका.

५. कुबडीची नळी. पीव्हीसी पाइपचा तुकडा, खाली बूच, बुचाला पाणी निघायला छिद्र (भोक पाडायचंच असेल तर इथे पाडा!). ही नळी दोन क्लॅम्पने उभी बसवा. कुबडी सीटवर बसल्या बसल्या हाताला लागली पाहिजे आणि चाकांच्या रुंदीबाहेर जाता कामा नये.

जागा ठरवताना

साधी बाइक वळणावर कलते, ही गाडी कलत नाही. त्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला उलटायला बघते आणि वजन जितकं उंच तितका धोका जास्त. समजा गाडी आणि माणूस मिळून २०० किलो आहेत आणि गुरुत्वमध्य ६०० मिलिमीटरवर आहे. २० किलो सामान ९०० वर बांधलं तर तो सुमारे २७ मिलिमीटर वर सरकतो, तेच सामान ३०० वर ठेवलं तर तेवढाच खाली येतो. म्हणून जड वस्तू खाली, हलक्या वर.

मागे लोंबणारं ओझं पुढचं चाक हलकं करतं. चाकांमधलं अंतर १२५० मिलिमीटर धरलं तर मागच्या चाकाच्या ३०० मिलिमीटर मागे ठेवलेले १० किलो पुढच्या चाकावरचे २.४ किलो कमी करतात. डांबरी रस्त्यावर हे जाणवणार नाही, पण चढावर आणि मुरमाच्या रस्त्यावर हँडल हलकं पडतं. बॅग जितकी पुढे तितकी चांगली.

आणखी एक गोष्ट. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन मागच्या चाकाबरोबर वर-खाली होतं, बॉडी वेगळी हलते. बेल्टचं एक टोक बॉडीला आणि दुसरं इंजिनला बांधलं तर प्रत्येक खड्ड्यात बेल्ट ताणला जाईल आणि शेवटी तुटेल. म्हणून आधी सीट दाबून बघा, काय काय एकत्र हलतं ते. दोन्ही टोकं एकत्र हलणाऱ्या भागांनाच बांधा. बेल्टचं सुटं टोक चाकात जाणार नाही असं खोचा. सायलेन्सरच्या बाजूला चार बोटं तरी मोकळी ठेवा, कारण प्लास्टिकच्या गोणीचं पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं. टेल लॅम्प, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकू नका.

टेस्टिंग

सगळं बांधून झालं की बेल्ट जिथे पाइपला टेकतो तिथे पाइपवर नेलपॉलिशची रेघ मारा. ठरलेलं वजन भरून पाच किलोमीटर खराब रस्त्यावर हळू जाऊन या. (आपल्याकडे असा रस्ता शोधावा लागत नाही!) बेल्ट रेघेवरून सरकला असेल तर एक वेढा वाढवा. पहिल्या आठवड्यात रोज क्लॅम्प तपासा, नंतर महिन्यातून एकदा.

मित्रांनो, मिनी प्रोजेक्टसाठी आपण दरवर्षी तेच तेच टॉपिक शोधतो. त्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या साइड व्हीलवाल्या काकांना किंवा ताईंना जाऊन विचारा. मात्र टेप बाहेर काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या बाजूने बसता-उतरता? बसल्यावर हात कुठपर्यंत पोचतो? आणि रोज सोबत काय काय नेता? बॅग कुठे लावायची हे त्या उत्तरांवरून ठरेल, आपल्या ड्रॉइंगवरून नाही. ड्रिल मशीन वर्कशॉपमध्येच राहू द्या!