रब्बींचा शब्द आणि राज्याचा शिक्का

अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या ज्यू वस्तीत रब्बी हा मुख्यतः शास्त्री आणि न्यायाधीश असे. काडीमोड, वारसा, देण्याघेण्याचे तंटे त्याच्यापुढे येत आणि ‘हलाखा’ या धर्मशास्त्राच्या आधारे तो निवाडा देई. वस्तीकडून कर वसूल झाला की राजा आतल्या कारभारात सहसा लक्ष घालत नसे. निवाडा धुडकावणाऱ्यावर ‘हेरेम’ पडे, म्हणजे बहिष्कार. जातपंचायतीने वाळीत टाकलेलं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना या शस्त्राची धार वेगळी सांगायला नको.

लोकांची श्रद्धा उडाली म्हणून रब्बींचा अधिकार गेला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आधी गेली ती कचेरी. 1783 मध्ये मोझेस मेंडेल्सझोन या श्रद्धाळू ज्यू तत्त्वज्ञानेच लिहिलं, की धर्माला सक्तीचा हक्क नाही. 1791 मध्ये फ्रान्सने ज्यूंना नागरिकत्व दिलं, आणि नागरिकांना कायदा एकच. 1807 मध्ये नेपोलियनने पॅरिसला 71 जणांचं ‘सॅनहेड्रिन’, म्हणजे ज्यू धर्मसभा, भरवलं. सरकारी विवाह आधी, धर्मविधी नंतर, हे तिथे रब्बींनीच मान्य केलं.

मग रब्बीच्या हाती उरलं प्रवचन आणि शिकवण. जर्मनीत तो विद्यापीठाची पदवी घेऊ लागला. उलट प्रेसबर्गच्या मोझेस सोफर यांनी नव्या चालीरीतींना ठाम नकार दिला. त्या वाटेने गेलेल्या कर्मठ समाजात आजही लोक आपखुशीने बारीकसारीक गोष्टी रब्बीला विचारतात.

इस्रायलमध्ये मात्र 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडेच ठेवले. त्याची झळ आपल्या कोकणातून तिथे गेलेल्या बेने इस्रायलींना बसली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे रब्बी नव्हते. धर्मविधी ‘काजी’ करत. पूर्वीचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका घेऊन 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहापूर्वी त्यांचे पूर्वज तपासायचा आदेश काढला. या मराठी माणसांनी रस्त्यावर उतरून तो अपमान नाकारला. 1964 मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हटलं आणि आदेशातून त्यांचं नाव निघालं.

हा विजय त्यांच्यापुरता होता. विवाह रब्बींकडेच राहिले. ज्यांना रब्बी नको, अशी अनेक ज्यू जोडपी आजही सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परतल्यावर इस्रायलमध्ये त्याची नोंद करून घेतात.