लिनक्स सुरू होत नाही? आधी फायली वाचवा

कोल्हापुरात वळीव कोसळला, वीज गेली की चालू संगणक धाडकन बंद पडतो. नंतर कधी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसतं. घाबरू नका, फायली बहुधा शाबूत असतात. सुरुवातीला मदरबोर्डवरचं फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला बोलावतं, ग्रब लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल मेमरीत आणतो, कर्नल पुढचा कारभार पाहतो. इथे ग्रबलाच स्वतःच्या फायली सापडत नाहीत.

दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून बंद संगणक सुरू करा. आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग लिनक्स असलेलं पार्टिशन अनमाउंट करून त्यावर ‘एफएससीके’ ही फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा चालवा. माउंट असताना चालवलं तर नुकसान वाढतं. शेवटी ते पार्टिशन पुन्हा माउंट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ने ग्रब पुन्हा बसवा. तरीही वाचनाच्या चुका येत राहिल्या, तर दोष बहुधा डिस्कचाच समजा आणि ती बदला.