किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांच्या दारांवरील पाट्या वाचीत गेले, तर जुन्या राज्यकारभाराची एक यादीच हाती येते. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, दफ्तरदार, कोठावळे. आज ही केवळ आडनावे उरली आहेत. परंतु मुळात ती अधिकारांची नावे होती, आणि प्रत्येक नावात जितका अधिकार होता तितकीच त्याची मर्यादाही होती. पोतनिसाने रोकड सांभाळावी, पण तिचा हिशेब लिहिणारा निराळा. चिटणिसाने पत्राचा मसुदा करावा, पण त्यावर शिक्का उमटविण्याचा हक्क निराळा. पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, ते मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हे सांगण्यासाठी. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजूनही सहज वापरतो. त्यामागील शिस्त मात्र आपल्या दुकानांतून आणि कचेऱ्यांतून हळूहळू नाहीशी झाली आहे.

ही शिस्त आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे साड्यांचे वा औषधांचे दुकान असते, शिकवणीचे वर्ग असतात, एखादा लहानसा कारखाना असतो. ग्राहकांना निरोप धाडण्याचे काम तेथे आता संगणकच करतो. मेलचिंप, हबस्पॉट, झोहो ही त्यासाठीची प्रचलित साधने. या प्रकाराला मार्केटिंग ऑटोमेशन असे म्हणतात. ग्राहकाने एकदा आपला फोन क्रमांक किंवा ईमेल दिला, की तो यादीत जातो. पुढे त्याच्या वाढदिवशी शुभेच्छा जातात, दसऱ्याच्या आधी सवलतीचे पत्र जाते, आणि पत्र उघडूनही खरेदी झाली नाही, तर चार दिवसांनी आठवणीचे दुसरे पत्र आपोआप निघते. कोणी उठून पाकिटावर पत्ता लिहावा लागत नाही.

सोय मोठी आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की या खात्याच्या किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत?

बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘सगळ्यांजवळ’ असे असते. एकच पासवर्ड एका वहीच्या मागील पानावर लिहिलेला असतो, आणि मालक, मुनीम, चित्रे तयार करणारा तरुण, सुट्टीपुरती आलेली पुतणी, असे सारेच त्याच एका नावाने आत जातात. वास्तविक या साधनांच्या कर्त्यांनी अधिकारांच्या पायऱ्या आधीच आखून ठेविलेल्या आहेत. मेलचिंपचेच पाहा. तेथे खात्याचा धनी एकच असतो. त्याच्या खाली प्रशासक, व्यवस्थापक, लेखक आणि केवळ पाहणारा, अशा पायऱ्या आहेत. लेखकाला पत्र रचता येते, पण धाडता येत नाही. पाहणाऱ्याला किती जणांनी पत्र उघडले याचा अहवाल दिसतो, बस्स. चिटणीस आणि शिक्का यांतील जुने अंतरच येथे नव्या वेषात उभे आहे. परंतु घाईच्या दिवशी ‘ह्यालाही सगळे द्या, म्हणजे काम अडणार नाही’ असे म्हणून जो तो प्रशासक केला जातो, आणि ती घाईची व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

याचा परिणाम काय होतो, याचे एक बोलके उदाहरण लंडनचे आहे. ग्रामोफोनजवळ बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपल्या वडीलधाऱ्यांनी तबकड्यांवर पाहिलेले असते. त्या एचएमव्हीचे पहिले मोठे दुकान १९२१ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उघडले. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील ही दुकानांची पेढी आर्थिक अडचणीमुळे प्रशासकांच्या हाती गेली, आणि ३१ जानेवारीला मुख्य कचेरीतील नोकरकपात सुरू झाली. त्याच वेळी पेढीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून, आम्हां सर्वांना एकदम कामावरून काढले जात आहे, असे निरोप जगाला दिसू लागले. विपणन संचालक ‘हे ट्विटर बंद कसे करायचे?’ असे विचारीत आहेत, हेही त्याच खात्यावरून प्रसिद्ध झाले! निरोप लिहिणारीने पुढे असेही लिहिले, की ही खाती दोन वर्षांपूर्वी एका बिनपगारी उमेदवाराने उघडली होती. लोक हसले, आणि हसण्याजोगे ते होतेच. पण नोकरी गमावणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा होता. खरे लाजिरवाणे हे, की ज्यांच्या नावाने पेढी जगाशी बोलत होती ते खाते कोणाच्या हाती आहे, हे वरच्या माणसांनी कधी विचारलेच नव्हते.

येथे निदान खात्यावर बोलणारी माणसे घरचीच होती. मार्च २०२२ मध्ये मेलचिंपमध्ये घडले ते याहून गंभीर. कोणीही कुलूप फोडले नाही. कर्मचाऱ्यांना थापा देऊन त्यांच्या ओळखीने परका मनुष्य आत शिरला आणि ग्राहकसेवेच्या लोकांसाठी असलेल्या साधनातून त्याने ३१९ खाती पाहिली. त्यांपैकी १०२ खात्यांतील याद्या त्याने बाहेर काढल्या. आभासी चलन सांभाळण्याचे उपकरण विकणाऱ्या ट्रेझर या कंपनीच्या ग्राहकांना मग एक खोटे पत्र गेले: तुमची माहिती चोरीस गेली आहे, सबब हे नवे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते सॉफ्टवेअरच चोराचे होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याच मेलचिंपमध्ये अशाच थापेबाजीने आणखी १३३ खात्यांना झळ लागली.

या प्रकारांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कर्मचाऱ्याच्या हाती जेवढे होते तेवढेच चोराच्या हाती लागले. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली एका प्रबंधात हेच तत्त्व मांडून ठेविले आहे: प्रत्येकाला आपले काम पार पाडण्यास जेवढा अधिकार लागतो तेवढाच असावा, त्याहून अधिक नसावा.

आपल्याकडे मात्र अशी मर्यादा घालणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे समजले जाते. ‘घरच्याच मुलावर पहारा?’ हा प्रश्न भाबडा असला तरी खोटा नाही. लहान पेढी विश्वासावरच चालते. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. यादी कोणी बाहेर नेली हे शोधण्याची वेळ येते, तेव्हा सर्वांचे नाव एकच असलेल्या खात्यात संशय प्रथम कोणावर जातो? जो नवा आहे, परका आहे, किंवा पगाराने सर्वांत लहान आहे त्याच्यावर. यादी उतरवून घेण्याचा अधिकारच ज्याला नव्हता, त्याला कोणासमोर शपथ घ्यावी लागत नाही. कोठीची किल्ली सुनेच्या हाती देऊन मग तूप कमी झाल्याची चौकशी तिच्यापाशी करावयाची, असे संसार आपण पाहिले आहेत. आपल्या मुली-सुना आज अशाच कचेऱ्यांत नोकऱ्या करतात. स्वतःच्या नावाचे, मर्यादित अधिकाराचे खाते त्यांनी हक्काने मागून घ्यावे.

सर्व अधिकारांत धोक्याचा अधिकार कोणता, असे विचाराल तर तो पत्र धाडण्याचा नव्हे. चुकीचे पत्र गेले तर दुसऱ्या दिवशी क्षमापत्र धाडता येते. परंतु संपूर्ण यादी उतरवून घेतली गेली, की ती परत येत नाही. तो अधिकार दोघांपलीकडे जाऊ नये.

दुसरी एक खोच अशी. पुष्कळ दुकानदार हे सारे काम एखाद्या जाहिरात एजन्सीकडे सोपवितात, आणि एजन्सी आपल्याच ईमेलवर खाते उघडते. मग खात्याचा धनी तीच. पुढे बिलावरून वाद झाला, की वीस वर्षांत जमविलेले ग्राहक दुसऱ्याच्या पेटीत राहतात. खाते दुकानाच्या नावे असावे आणि एजन्सीला त्यात पाहुण्यासारखी जागा द्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी माहितीची जबाबदारी मूळ पेढीचीच, असे तो सांगतो. आणि पुरेशी सुरक्षा न ठेविल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

राहता राहिला निरोपाचा दिवस. कामावरून कोणी जात असेल, तर हार-श्रीफळापूर्वी त्याचे खाते बंद करावे. मात्र तत्पूर्वी त्याने पुढील सणांसाठी लावून ठेविलेली पत्रे तपासून दुसऱ्याच्या नावे करावीत, आणि त्याने इतर यंत्रांना जोडून दिलेल्या किल्ल्याही बदलाव्यात, कारण माणूस गेला तरी त्या चालू राहू शकतात. नाहीतर दिवाळीत सोडून गेलेल्या विक्रेत्याची सही घेऊन पाडव्याच्या शुभेच्छा घरोघर पोहोचतात, आणि ग्राहक त्यालाच फोन करून नव्या दुकानाचा पत्ता विचारतात.