मासा हे औषध नव्हे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेमागे समुद्र ठेवणे हे एखाद्या संस्थेनेच अंगावर घ्यावे असे काम होते. आज ते दिवाणखान्यातही साधते. मात्र समुद्र घरात आणला की त्याचे नकोसे रहिवासीही पाठोपाठ येतात. प्रवाळाच्या दगडाच्या फटीत ऐप्टेशिया नावाचे तपकिरी, इवलेसे समुद्रफूल दडलेले असते. ते ओरबाडून काढावे, तर मागे राहिलेल्या तुकड्यांतून नवी फुले उगवतात. आणि त्यांच्या विषारी डंखाने शेजारची प्रवाळे झडू लागतात. अशा वेळी हौशी माणूस दुकानात जाऊन विचारतो, याला खाणारा मासा कोणता?

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. औषधाचे काम झाले की बाटली फडताळात ठेवता येते. माशाला दुसऱ्या दिवशीही भूक लागते. उपद्रवी जीव संपल्यावर हा मासा काय खाणार, हे आधी ठरले पाहिजे.

कॉपरबँड बटरफ्लाय हा तांबूस-नारिंगी पट्ट्यांचा देखणा मासा ऐप्टेशियावरील उपाय म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे लांब, चिमट्यासारखे तोंड फटीतले भक्ष्य टिपण्यासाठीच घडलेले. पण तो २० सेंटिमीटरांपर्यंत वाढतो, नळीत राहणारे शोभिवंत कृमीही फस्त करतो, आणि पुष्कळदा बंदिवासात अन्नाला तोंडच लावत नाही. दुकानदाराने समोर खाऊ घालून दाखविल्याखेरीज तो घेऊ नये, हे उत्तम. त्यामानाने खरखरीत कातडीचा, सुमारे १० सेंटिमीटरांचा फाइलफिश सोशिक असतो. बंदिवासात पैदास झालेले फाइलफिश आता मिळतात व तयार अन्नावर निर्वाह करतात. कधी तो प्रवाळही कुरतडतो. तेवढी जोखीम पत्करावी लागते.

प्रवाळावर पसरणारे चपटे कृमी आणि शिंपल्यांचा जीवनरस शोषणाऱ्या बारीक गोगलगाई यांवर सहा रेषांचा रास हा चिमुकला मासा नेमका उतरतो. त्याचा स्वभाव मात्र भाडेकरूचा मालक व्हावा तसा. टाकीत स्थिरावला की नव्या पाहुण्यांना तो सुखाने राहू देत नाही. म्हणून त्याला सर्वांच्या शेवटी सोडणे शहाणपणाचे.

सर्वांत मोठा गैरसमज आहे तो सफाईकरी राशीविषयी. लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतींवरही आढळणारा हा निळ्या-काळ्या पट्ट्याचा मासा ठरलेल्या जागी थांबतो आणि मोठमोठे मासे त्याच्यापुढे अंग सैल सोडून उभे राहतात. तो त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचतो. (त्याचे सोंग घेऊन जवळ येणारा व गिऱ्हाइकाच्या पराचा तुकडा तोडून पळणारा एक तोतयाही समुद्रात आहे!) हे पाहून माशांवर पांढरे ठिपके दिसताच लोक सफाईकरी आणतात. पण त्या ठिपक्यांचा परजीवी कातडीच्या आत शिरलेला असतो. पुढे तो गळून तळाशी कोषात जातो आणि त्यातून शेकडो नवे बाहेर पडतात. सफाईकऱ्याचे तोंड तेथे पोचतच नाही. रोग तसाच राहतो, आणि दहा-बारा माशांच्या टाकीत पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने सफाईकरी स्वतः अनेकदा उपाशी मरतो. एका चुकीपायी दोन हत्या.

या रोगावर खरा प्रतिबंध एकच : नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहणे. दगडही असाच वेगळा ठेवून तपासावा. आणि ऐप्टेशियाची फुले चार-पाचच असतील, तर मासा आणण्याचे मुळी कारणच नाही. पाण्याचा पंप थोडा वेळ बंद करावा, पिचकारीने दाट कालवलेला चुना प्रत्येक फुलाच्या तोंडावर सोडावा, आणि काही दिवसांनी त्याच फटी पुन्हा न्याहाळाव्या.